खडपावर आपटलेलं आउटबोर्ड: नवं न घेता गिअरबॉक्स बांधून घेतला, हंगामभराचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बरेचजण तेवढ्यासाठीच वाचतात. १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, दुरुस्त करून दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत देवबाग-तारकर्लीला चालवलं. जास्त करून पर्यटक, अधूनमधून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला. पैसे वसूल झाले. तरी प्रत्येकाने हेच करावं असं मी म्हणणार नाही. का, ते पुढे येईलच.

झालं असं की ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडपावर (पाण्यातल्या खडकावर) इंजिनाचा पाय, म्हणजे गिअरबॉक्स असलेला पाण्यातला खालचा भाग, आपटला. तिथली खडपं भरतीत दिसत नाहीत आणि ओहोटीत दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. पंख्याची (प्रोपेलरची) दोन पाती वाकली, त्याच्या खालची फीन अर्धी तुटली. इंजिन सुरू होत होतं, गिअरही पडत होता, पण पुढे जाताना खालून खर्र-खर्र आवाज. पंख्यातला रबरी बुश असे दणके खाऊन गिअर वाचवण्यासाठीच असतो. तो नुसता घसरला असता तर पंखा बदलून काम भागलं असतं. इथे दणका त्याच्या पलीकडचा होता.

विक्रेत्याकडे गेलो तर इंजिन नीट न बघताच नव्याचं कोटेशन हातात. गावातल्या मेस्त्रीने मात्र आधी वरचं डोकं तपासलं. दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. फरक दहा टक्क्यांच्या आत असला की काळजी नसते. इंजिन पाण्यात बुडालेलं नव्हतं, कधी तापून बंद पडलेलं नव्हतं. तो म्हणाला, "इंजिन मेला नाय, पाय मोडलो." माझा निर्णय तिथेच झाला.

मग गिअरबॉक्समधलं तेल काढलं. दूध घातलेल्या चहासारखं आलं, म्हणजे सील फुटून आत खारं पाणी गेलेलं. ड्रेनच्या स्क्रूला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी चिखलासारखी बारीक भुकटी असेल तर ती रोजची झीज. माझ्या स्क्रूवर दाताचे कपचे चिकटले होते, नखाने उचलता येतील एवढे. शाफ्ट वाकला आहे का, हेही घरी कळतं: प्लगच्या वायरी काढा, इंजिन न्यूट्रलला ठेवा, शाफ्टच्या टोकाशी काडीचं टोक धरून पंखा हाताने फिरवा. काडी आणि शाफ्ट यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट गेला. माझा गेला होता.

आणखी एक गोष्ट निघाली, तिचा खडपाशी काही संबंध नव्हता. पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेली होती, कधीची कोण जाणे. नायलॉनची ती दोरी सीलमध्ये घुसून त्याची कड कापते आणि पाणी हळूहळू आत जातं. म्हणजे खडप नसतं तरी हा गिअरबॉक्स फार दिवस टिकला नसता. आता महिन्यातून एकदा पंखा काढून बघतो.

नवे गिअर, शाफ्ट, बेअरिंग, सील सगळे मूळ कंपनीचे मागवले. बाजारात नकली सेट निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. मेस्त्रीने तो हातात घेऊन परत दिला. मूळ भाग यायला बरेच आठवडे लागले, दिवाळीचे पर्यटक हातचे गेले, आणि हीच या पर्यायाची खरी किंमत. पैशांचं म्हणाल तर सगळं मिळून नव्या फोर-स्ट्रोकच्या साधारण चौथा हिस्सा. तुटलेली फीन रिकाम्या केसिंगवर आर्गन वेल्डिंगने भरली. जुळवणीत सर्वांत जास्त वेळ गेला तो गिअरमध्ये किती सैलपणा ठेवायचा यासाठी पातळ चकत्या घालण्या-काढण्यात. जो मेस्त्री हे काम तासाभरात उरकतो म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका.

वापरातला अनुभव. सुरुवातीला थोडे दिवस जपून चालवलं, मग तेल बदललं. स्वच्छ निघालं, दुधाळपणा नाही. हंगाम संपल्यावर परत काढलं, तेव्हाही तसंच. तेल खालच्या भोकातून वर चढवत भरायचं, वरून ओतलं तर आत हवा अडकते. आवाज पूर्ण गेला. रिव्हर्स मात्र पहिल्यापेक्षा कडक पडतो, दांडा जरा जोर लावून ओढावा लागतो. मेस्त्री म्हणतो बसेल, अजून बसलेला नाही. वेल्डिंगच्या जागचा रंग जानेवारीतच उडाला आणि पांढरी खार धरायला लागली. तिथे परत रंग मारला. झिंकच्या तुकड्याला मात्र रंग लागू दिला नाही, तो उघडा राहिला तरच स्वतः झिजून अ‍ॅल्युमिनियम वाचवतो.

दुरुस्तीने जे सुटणार नव्हतं ते सुटलं नाही. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूतून होडी काढावी लागते, त्यामुळे इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) वाळूने यंदाही खाल्ला. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की समजायचं. धूर आहेच, मागच्या बाकावरचे पर्यटक नाक मुरडतात. मार्चमध्ये इंजिन मध्येच दम सोडायला लागलं, कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी निघालं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेत पाणी ओढतं, आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. नळी तिथूनच ओढते. टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलात राहतं, म्हणजे इंजिनाला तेलाशिवायचं इंधन जातं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला आणि मिश्रण (लिटरला २० मिली तेल) लागेल तेवढंच करतो. परत तक्रार आली नाही.

मग फोर-स्ट्रोक का नाही? माझं इंजिन ३६-३७ किलोचं. एकटा माणूस ते खांद्यावर घेऊन वाळूतून घरी नेतो. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साधारण ४५-५० किलोचं असतं, दोघं लागतात. आमच्याकडे इंजिन रोज संध्याकाळी काढावं लागतं, त्यामुळे हा मुद्दा कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ज्यांचं इंजिन होडीलाच राहतं आणि दिवसभर फेऱ्या असतात, त्यांचा पेट्रोलचा खर्च बघता त्यांनी फोर-स्ट्रोकच घ्यावं. आणि ज्यांचं इंजिन खाऱ्या पाण्यात बुडून तसंच दोन दिवस पडून राहिलंय, किंवा ज्यांचा एक सिलिंडर बसलाय, त्यांनी गिअरबॉक्सवर रुपया घालू नये.

आता होडी वर ओढली आहे. इंजिन ड्रमभर गोड्या पाण्यात चालवून, कार्ब्युरेटर रिकामा करून, पडवीत उभं टांगलंय. सप्टेंबरच्या आधी इम्पेलर बदलायचा आणि मेस्त्रीला त्या रिव्हर्सच्या दांड्यासाठी पुन्हा बोलवायचं.