आठ महिने वंशावळीच्या साइटवर: सासरचे हॉपकिन्स नक्की कुठले?

मागच्या ऑक्टोबरात सासूबाईंच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना एका मोठ्या वंशावळीच्या साइटचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन आणि सोबत डीएनए किट दिलं, सेलमध्ये होतं म्हणून. त्या नळीत थुंकल्या आणि पासवर्ड माझ्या हातात दिला, तू कॉम्प्युटरवाली ना! तेव्हापासून रोज रात्री भांडी मशीनला लावली की मी आणि सतराव्या शतकातले हॉपकिन्स.

आम्ही मॅसॅच्युसेट्सला राहतो, नवरा इथलाच, आणि सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आपण मेफ्लॉवरवरच्या स्टीफन हॉपकिन्सचे वंशज. मेफ्लॉवर म्हणजे १६२० साली १०२ प्रवासी घेऊन इंग्लंडहून प्लिमथला आलेलं जहाज, इथे त्याचं नाव काढलं की माणूस जरा ताठ बसतो, आपल्याकडे आमचे पूर्वज पानिपतावर होते म्हणणारे बसतात तसा. हॉलमध्ये त्यांच्या आजोबांनी करून घेतलेली फ्रेम आहे, त्यात लिहिलंय की स्टीफन ग्लॉस्टरशायरमधल्या वॉटन-अंडर-एजचा, पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, आणि वर घराण्याचं चिन्ह, सिंहबिंह सगळं. मला वाटलं आता झाडात नावं भरायची आणि प्रिंट काढायची, दोन वीकेंडचं काम.

पैसे घेणाऱ्या त्या साइटचं पहिलं सांगते. नाव टाकलं की हिंट यायला लागतात, हिरवंगार पान हलतं, क्लिक करा, अजून एक पिढी, अजून एक पिढी, पंधरा मिनिटांत मी अशा कुठल्यातरी सरदारापर्यंत पोचले की ज्याचा मुलगा बापाच्या आधी जन्मला होता. व्यसन लागतं हो, खरंच. पण तिसऱ्या आठवड्यात मी एक गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती, प्रत्येक हिंट उघडून बघितलं की खाली पुरावा म्हणून काय लावलंय. तर काहीच नाही, दुसऱ्या कोणाचं तरी झाड. त्या झाडाखाली तिसऱ्याचं झाड. डडलीबाई अशा किती झाडांत आहेत ते मोजायला घेतलं, तीसेक झाल्यावर सोडलं. लग्नाची नोंद एकाकडेही नाही.

मग एका रविवारी लायब्ररीतल्या बाईंनी (देव त्यांचं भलं करो) विचारलं, तुम्ही १९९८ चा लेख वाचलाय का? कुठला लेख! तर गोष्ट अशी की वॉटनची कथा जुनीच, तिकडे स्टीफन हॉपकिन्स नावाचा कोणी सापडला होता, साधारण काळ जुळत होता, बस्स, एवढ्यावर छापली गेली आणि पुढे सगळ्यांनी उतरवली. पण आपल्या स्टीफनबरोबर मेफ्लॉवरवर पहिल्या बायकोची दोन मुलं होती, कॉन्स्टन्स आणि जाइल्स. नुसता स्टीफन हॉपकिन्स कुठेही सापडेल, पण एकाच गावात एकाच बापाला कॉन्स्टन्स आणि जाइल्स? केलेब जॉन्सन नावाच्या संशोधकाला हे हॅम्पशायरमधल्या हर्सली गावच्या चर्चच्या वहीत सापडलं आणि त्याने ते १९९८ साली द अमेरिकन जीनिअलॉजिस्ट या त्रैमासिकात छापलं. (गंमत म्हणजे स्टीफनच्या धाकट्या मुलाचं नावही केलेब, बापाच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच केली. साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्या केलेबने काम पूर्ण केलं म्हणायचं.)

त्या वहीत त्यांची थोरली बहीणही आहे, एलिझाबेथ, तिचा बाप्तिस्मा मार्च १६०३/४, कॉन्स्टन्सचा ११ मे १६०६, जाइल्सचा ३० जानेवारी १६०७/८. आईचं नाव मेरी. आणि ही मेरी १६१३ च्या मे महिन्यात हर्सलीतच वारली, तिच्या मालमत्तेच्या कागदांत हीच तिन्ही मुलं आहेत. म्हणजे डडली नाही, कॉन्स्टन्सही नाही, साधी मेरी. पुढे स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही हॅम्पशायरमध्येच अपर क्लॅटफर्डला मिळाला, ३० एप्रिल १५८१. सिंहबिंह गेले.

हर्सली नाव वाचल्यावर नवऱ्याच्या आधी माझा भाऊ ओरडला व्हिडिओ कॉलवर, अगं आयबीएमची लॅब आहे तिथे, मी सहा महिने ऑनसाइट होतो! म्हणजे आमच्या घरातला एक माणूस सासूबाईंच्या खऱ्या मूळगावी डबा खाऊन आलाय आणि त्यांच्याकडचं कोणीच अजून गेलेलं नाही.

तारखा तशा दोन-दोन आकड्यांत का, हे मला आधी कळेना. तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारीतला जाइल्स त्यांच्या हिशोबाने १६०७ चा आणि आपल्या हिशोबाने १६०८ चा. आपल्याला हे अवघड जायला नको खरं तर, शक चैत्रात बदलतो आणि गुजराती शेजाऱ्यांचं संवत दिवाळीनंतर, तेच आहे. पण साइटच्या झाडात सरळ एकच आकडा भरून टाकतात आणि मग एखादं पोर लग्नाआधी जन्मतं किंवा वर्षभरात दोन भावंडं होतात.

अक्षर हा दुसरा डोंगर. त्या काळच्या कारकुनी वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात, त्यात ई उलटा, एच खाली लोंबणारा, एस तीन प्रकारचे. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद आठवले, की लिहिलंय आपलंच पण वाचता येत नाही. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचे फुकट ऑनलाइन धडे आहेत, ते महिनाभर रोज केले, आता नावं आणि तारखा तरी लागतात. सबस्क्रिप्शनच्या पैशात हे येत नाही, हे आपलं आपणच करायचं.

आता डीएनए, कारण सगळे तेच विचारतात. पैसे फुकट गेले असं म्हणणार नाही, सासूबाईंना एक हरवलेली चुलत बहीण मिळाली, दोघी फोनवर तासभर रडल्या. पण हॉपकिन्सच्या प्रश्नाला त्याचा उपयोग शून्य. स्टीफन त्यांच्या बारा पिढ्या वर आहे, त्या पातळीला माणसाच्या झाडात ४०९६ जागा होतात, त्यातल्या एकाचा तुकडा तुमच्यात उरलाच असेल याची काही खात्री नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-डीएनए टेस्ट कामाची, पण ती लागते सलग पुरुषांच्या ओळीतल्या हॉपकिन्सची, आणि सासूबाई येतात कॉन्स्टन्सकडून. कॉन्स्टन्सने प्लिमथला निकोलस स्नो याच्याशी लग्न केलं, ते केप कॉडवर ईस्टहॅमला गेले, आणि तिला १२ मुलं झाली. त्यामुळे इथे दर तिसऱ्या माणसाला हॉपकिन्सचं रक्त निघालं तरी मला नवल वाटायचं नाही.

खरा फायदा झाला तो फॅमिलीसर्चचा. मॉर्मन चर्चने चालवलेली, फुकट, खातं काढा आणि बसा. स्कॅन केलेल्या मूळ पानांचे ढीग आहेत, काही पानं फक्त त्यांच्या सेंटरमध्ये किंवा ठरावीक लायब्ररीत बसूनच दिसतात हे खरं, पण आता हस्तलिखित कागदांतही शब्द टाकून शोधता येतो. मी स्टीफनचं १६४४ चं मृत्युपत्र तसंच वाचत बसले. काय सुंदर कागद आहे! मोठा बैल जाइल्सला, जो सध्या वॉरेनबाईंकडे आहे, आणि त्या बैलाच्या भाड्याचे वॉरेनबाईंकडे येणं असलेले वीस शिलिंग नातवाला, घोडी कॉन्स्टन्सला. माझ्या आजोळी वाटणीच्या कागदात अशीच म्हैस होती.

आणि या माणसाचं आयुष्य म्हणजे... १६०९ मध्ये बायको-मुलांना हर्सलीत सोडून सी व्हेंचर जहाजाने व्हर्जिनियाला निघाला, जहाज बर्म्युडाला फुटलं, तिथे गव्हर्नरचा अधिकार संपला असं बोलला म्हणून बंडाच्या आरोपात मरणाची शिक्षा झाली, बायको-मुलांच्या नावाने इतका रडला की माफी मिळाली. दहा महिन्यांनी बेटावरच बांधलेल्या जहाजांतून जेम्सटाउनला. पुढे परत इंग्लंड, मेरी गेलेली, १६१८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलला एलिझाबेथ फिशरशी लग्न, आणि दोन वर्षांत परत जहाज, त्यावर ती बाळंत झाली, मुलाचं नाव ओशनस. एकदा समुद्रात मरता मरता वाचलेला माणूस गरोदर बायकोला घेऊन परत निघतो, मी असते तर माहेरी निघून गेले असते.

सासूबाईंना सांगणं हे सगळ्यात अवघड. मी प्रिंट काढून नेले, जेवणानंतर दाखवले. त्या म्हणाल्या, आजोबा काय खोटं बोलत होते? मी म्हटलं खोटं नाही मॉम, त्यांनी जे छापलं होतं ते वाचलं. दोन आठवडे विषय बंद. मग एक दिवस फोन, मेरीचं माहेर कुठलं गं? म्हटलं, त्याचंही काम झालंय, माहेरचं आडनाव केंट उर्फ बॅक निघालंय. उर्फ कशाला, त्यांनी विचारलं, आणि मग बसलो दोघी.

मेफ्लॉवर वंशजांच्या सोसायटीचा अर्ज अजून गेलेला नाही. तिथे प्रत्येक पिढीला जन्म, लग्न, मृत्यूचा कागद लागतो, कोणाचं झाड चालत नाही, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडची बाजू लोकांनी सोडवून ठेवलीय, वरच्या पाच पिढ्या सोसायटीच्याच चंदेरी पुस्तकांत छापलेल्या आहेत, अडलंय ते मधेच, मेनमध्ये, १८०० च्या आसपास. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असतं, बाकीचे नुसते आकडे, त्यामुळे एक स्नो आडनावाची मुलगी कोणाची तेच सिद्ध होत नाही. मागच्या आठवड्यात जमिनीच्या एका खरेदीखतात तिच्या नवऱ्याचं नाव दिसलं, विकणारा स्नो आहे, सासरा असावा.

तर घ्यावं का? वर्षाचं नका घेऊ, एक महिना घ्या, तोही फॅमिलीसर्च आणि गावची लायब्ररी संपल्यावर. इथल्या बऱ्याच लायब्रऱ्यांत पैसेवाल्या साइट फुकट बघायला मिळतात, हे मला सातव्या महिन्यात कळलं. माझं ऑक्टोबरात संपतंय, ऑटो-रिन्यू आजच बंद केलं. फ्रेम अजून हॉलमध्येच आहे, फक्त वॉटन-अंडर-एजच्या वर काचेवर सासूबाईंनी पिवळी चिठ्ठी चिकटवलीय, हर्सली, आणि खाली माझ्या भावाचा फोन नंबर.