डेको एक्स२० आणि सिनॉलॉजी डीएस२२३: दोन डबे आणि मधली वायर

साडेसहाशे फुटांच्या टूबीएचकेला तीन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे जोडीचे डबे, लागत नाही. दोन डबे पुरतात, अट एवढीच की त्या दोघांमध्ये वायर हवी. वायर नसेल तर तिसरा डबा घेऊनही आतल्या बेडरूममधला व्हिडिओ कॉल गोठायचा तो गोठणारच. टीपी-लिंकचा डेको एक्स२० (दोनचा संच) आणि सिनॉलॉजीचा डीएस२२३ हा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची साठवणीची पेटी, ही जोडी घरगुती वापराला चांगली आहे. पण तिच्यातून काय मिळेल ते डब्यांपेक्षा त्यांच्या मध्ये काय टाकता आणि बाजूला काय लावता यावर जास्त ठरतं.

मुंबईतली मूळ अडचण दाराशीच सुरू होते. फायबर डक्टमधून येतो, त्यामुळे कंपनीचा माणूस राउटर दारामागे, चपलांच्या कपाटावर बसवून मोकळा होतो. तिथून आतल्या खोलीपर्यंत मध्ये फ्रिज, लोखंडी कपाट, आरसा आणि दोन भिंती. जुन्या इमारतीतल्या विटांच्या भिंती त्यातल्या त्यात बऱ्या. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवन पद्धतीचं काम आहे, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या सलग काँक्रीटच्या. अशी एक भिंत ५ गिगाहर्ट्झचा जीव काढते. दुसरी आली की फोन गुपचूप २.४ वर उतरतो, आणि तिथे सगळ्या मजल्याचे राउटर १, ६, ११ या तीनच चॅनलवर कोंबलेले असतात. फोनवर वायफायच्या पूर्ण काड्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

एक्स२० हा वायफाय ६ चा, एएक्स१८०० वर्गातला डबा. ५ गिगाहर्ट्झवर १२०१, २.४ वर ५७४ एमबीपीएस, हे आकडे खोक्यावरचे. डब्यांमधल्या संवादाला वेगळी पट्टी नाही. जी लहर फोनला वाढायची तीच पहिल्या डब्याकडून आणायची, म्हणून बिनवायरी जोडणीत दुसऱ्या डब्यापाशी वेग निम्म्याच्या आसपास येतो. तसंच वापरायचं असेल तर दुसरा डबा नेट येत नाही त्या खोलीत ठेवू नका. तिच्या अलीकडे, पॅसेजमध्ये, पहिला डबा अजून चांगला पकडतो तिथे ठेवा. ही चूक जवळजवळ सगळे करतात.

वायरचा मार्ग बहुतेक घरांत आधीच असतो. हॉलपासून बेडरूमपर्यंत केबल टीव्हीची काळी वायर ज्या पाइपातून गेलेली असते, ती आता बऱ्याच घरांत मेलेलीच असते. तिच्या टोकाला नवी कॅट सिक्स (नेटवर्कची वायर) घट्ट टेपने बांधून दुसऱ्या बाजूने ओढायची. टेपचा सांधा निमुळता ठेवा आणि आरजे४५ चं डोकं, म्हणजे टोकाचा प्लास्टिकचा प्लग, ओढून झाल्यावरच बसवा, नाहीतर पहिल्याच बेंडला अडकेल. २३० व्होल्टच्या तारांचा पाइप वापरू नका. पाइप बुजला असेल तर स्कर्टिंगवरून पट्टी मारून न्या. मायवनच्या भिंतीला छिन्नी लावू नये. तिथे भिंतच इमारतीचा भार घेते.

वायर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मीटरवर कापून मिळते. विचारताना ‘प्युअर कॉपर’ म्हणाच, आणि दुकानातच एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ते हाताला हलकं लागतं, दोनदा वाकवलं की तुटतं आणि क्रिंपमध्ये, म्हणजे प्लग दाबून बसवलेल्या जागी, सैल होतं.

क्रिंपचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा बसायला हव्यात. काही वायरमन चारच बसवतात, कारण १०० एमबीपीएस त्यावर चालतं आणि ‘नेट चालू आहे ना साहेब’ म्हणून काम संपतं. त्या घाईची किंमत बॅकअपला कळते. गिगाबिटवर मोठ्या फायली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात आणि १ टीबी अडीच तासांत उतरतो. १०० च्या जोडणीवर त्यालाच अख्खा दिवस लागतो. काम झाल्यावर लॅपटॉप लावून लिंक स्पीड १ जीबीपीएस दिसतोय का ते बघा, मगच वायरमनचे पैसे द्या.

एक खाच खरेदीआधी समजून घ्या. एक्स२० ला पोर्ट दोनच. मुख्य डब्याचा एक फायबरच्या राउटरला गेला, दुसरा दुसऱ्या डब्याच्या वायरला. नॅस कुठे लावणार? तो मुख्य डब्यापाशीच ठेवायचा असेल तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्यावाच लागतो. टीपी-लिंकचा घेणार असाल तर एलएस१००५जी मागा. शेवटचा ‘जी’ नसलेला एलएस१००५ दिसायला सख्खा भाऊ, पण तो १०० वाला आहे.

फायबरचा राउटर तसाच ठेवून मागे डेको लावला की दोघंही फोन-प्रिंटरना नेटवर्कचे पत्ते वाटू लागतात. मग प्रिंटर एका जाळ्यात, फोन दुसऱ्यात. एक तर कंपनीला सांगून त्यांचा राउटर ब्रिजवर टाका (मग पत्ते फक्त डेको वाटतो), नाहीतर डेको अॅपमधून अॅक्सेस पॉइंट मोड निवडा (मग डेको फक्त वायफाय देतो). दुसऱ्या पर्यायात मुलांसाठीचं वेळेचं बंधन वगैरे सोयी जातात. जुन्या राउटरचं वायफाय मात्र बंद करायला विसरू नका. चॅनल हाताने ठरवायची मोकळीक डेकोत फारशी नाही, ही त्याची खरी कमतरता. गजबजलेल्या इमारतीत ती बोचते.

आता डीएस२२३. रिअलटेकचा चार कोरचा प्रोसेसर, २ जीबी रॅम जी वाढवता येत नाही, एकच गिगाबिट पोर्ट, पुढे यूएसबी आणि कॉपीचं बटण. ट्रे स्क्रूशिवाय बसतात. फोटो, कागदपत्रं, दोन-तीन लॅपटॉपचे बॅकअप याला तो भरपूर आहे. प्लेक्स या चित्रपट दाखवायच्या अॅपवरून वेगवेगळ्या टीव्हींसाठी चित्रपट रूपांतर करून दाखवायचे असतील तर हा घेऊ नका, इंटेलवाला डीएस२२४+ बघा. आयफोनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: डीएसएम (सिनॉलॉजीची कार्यप्रणाली) ७.२.२ पासून एचईव्हीसीचं, म्हणजे आयफोन वापरतो त्या फोटो-व्हिडिओच्या प्रकाराचं, काम नॅसऐवजी फोन-संगणकावर ढकललंय, त्यामुळे आयफोनचे फोटो सिनॉलॉजी फोटोज अॅपमधूनच चढवा; पेन ड्राइव्हवरून एकदम ओतले तर त्यांच्या छोट्या प्रतिमा दिसायची रखडपट्टी होते.

डिस्क सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस, ४ टीबीच्या दोन. नुसती ‘रेड’ नको. २०२० मध्ये उघड झालं की त्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) पद्धतीच्या होत्या, आणि बिघडलेली डिस्क बदलून रेड पुन्हा बांधताना त्या रखडतात. (इथे ‘रेड’ दोन प्रकारचे, एक डिस्कचं नाव, दुसरं दोन डिस्क जोडण्याची पद्धत, दुकानदारही गोंधळतात.) काउंटर सोडायच्या आधी सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासा. ४ टीबीची डिस्क पडद्यावर ३.६ च्या आसपास दिसते, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.

मांडणी करताना एसएचआर (सिनॉलॉजीची स्वतःची रेड पद्धत), एका डिस्कचं संरक्षण, आणि फाइल सिस्टिम बीटीआरएफएस निवडा. त्यावरच स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डरच्या त्या-त्या वेळच्या परत आणता येणाऱ्या प्रती, मिळतात. स्नॅपशॉट रेप्लिकेशन पॅकेज टाकून फोटोंच्या फोल्डरला रोज एक आणि ३० दिवस ठेवायचे, एवढं पुरे. मॅकसाठी टाइम मशीनचा (त्याच्या बॅकअपचा) फोल्डर वेगळा काढून त्याला कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावा, नाहीतर तो हळूहळू सगळी जागा गिळतो. एस.एम.ए.आर.टी. ची (डिस्कच्या तब्येतीची) सविस्तर चाचणी महिन्यातून एकदा, डेटा स्क्रबिंग (साठवलेल्या डेटाची तपासणी) तीन महिन्यांनी, आणि इशाऱ्याचा ईमेल स्वतःला पाठवून खरंच येतोय का ते बघायचं.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि इथेच घोळ होतो. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एका फोल्डरवर चुकून डिलीट दाबलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तळमजल्यावर खालच्या फळीवर ठेवलेल्या नॅसमधल्या दोन्ही डिस्क एकाच पाण्यात बुडतील. म्हणून तिसरी, यूएसबीची डिस्क. हायपर बॅकअप या सिनॉलॉजीच्या पॅकेजमध्ये काम बनवताना आवृत्त्या आणि एनक्रिप्शन चालू करा आणि ‘काम झाल्यावर डिस्क काढून टाका’ हा पर्याय निवडा. एनक्रिप्शनची की फाइल (किल्लीची फाइल) नॅसवरच ठेवू नका. ती आणि पासवर्ड दोन्ही हरवले तर बॅकअप असून नसल्यासारखा. अशा दोन डिस्क असल्या तर महिन्याआड एक डोंबिवलीच्या मावशीकडे. क्लाउडला पाठवणार असाल तर प्लॅनची मर्यादा बघा, अनेकांवर महिन्याला ३,३०० जीबी आहे.

बाहेरून नॅस उघडायला राउटरचे पोर्ट खोलू नका. बऱ्याच इंटरनेट कंपन्या सीजीनॅटवर (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असल्यामुळे ते चालतही नाही, आणि चालत असलं तरी धोक्याचं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप या कंपनीचे नॅस कुलूपबंद केले होते. क्विककनेक्ट (सिनॉलॉजीची सोय) किंवा टेलस्केल (खासगी जोडणीचं अॅप) वापरा, अॅडमिन नावाचं मूळ खातं बंद ठेवा, दुहेरी पडताळणी लावा.

यूपीएस घेताना मागे यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का ते विचारा. ६०० व्हीएच्या स्वस्त खोक्यांपैकी अनेकांना तो नसतो, आणि त्याच्याशिवाय दिवे गेल्यावर नॅसला स्वतः नीट बंद व्हायची सूचना मिळत नाही. नॅस चालताना साधारण १७ वॉट घेतो, तेव्हा डेको, स्विच आणि फायबरचा राउटरही त्याच यूपीएसवर बसतात. प्लायच्या कपाटावर डिस्कची घरघर रात्री ऐकू येते, खाली रबराची चटई घाला. सगळं लागल्यावर एक फोल्डर मुद्दाम निवडून यूएसबीच्या डिस्कवरून वेगळ्या जागी परत उतरवा आणि त्यातला एखादा फोटो उघडून पाहा.