ओहायोतल्या लंडनचं चार्जिंग स्टेशन: वॉशिंग्टनचा पैसा सत्कारणी लागलेली जागा

कोलंबसहून इंडियानापोलिसकडे निघालात की आय-70 हायवेवर 79 नंबरच्या एक्झिटला ‘पायलट’ कंपनीचं ट्रॅव्हल सेंटर लागतं. गावाचं नाव लंडन. तिथे इव्हीगो या कंपनीचे फास्ट चार्जर आहेत, एका वेळी चार गाड्या लागतात. इलेक्ट्रिक गाडीतून, घरातली वडीलधारी माणसं बरोबर घेऊन या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही मी ही जागा डोळे झाकून सुचवेन.

आम्ही इंडियानात कार्मेलला राहतो, नणंद कोलंबसजवळ डब्लिनला. गाडी ह्युंदाईची आयोनिक 5. एरवी आम्ही दोघं कुठेही थांबून गाडी चार्ज करतो, पण सध्या सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री त्यांना कमी दिसतं आणि प्रवासात दर दोन तासांनी बाथरूम लागतं. त्या बरोबर असल्या की किती किलोवॉट मिळतात, म्हणजे चार्जिंग किती वेगाने होतं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तिथे दिवा आहे का आणि दार उघडं आहे का?

याआधी एकदा दुसऱ्या एका ठिकाणी, बंद झालेल्या मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये, आम्ही रात्री अडकलो होतो. एक मशीन बंद, दुसऱ्याला अॅप हवं, अॅपला खातं हवं आणि फोनला रेंज नाही. बाहेर बर्फ पडत होता. आईंना गाडीत ब्लँकेट गुंडाळून बसवलं, कारण आसपास एकही दार उघडं नव्हतं. त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या कंपनीचं मशीन चालू राहावं यासाठी तिला जाब विचारणारं कुणी नव्हतंच.

लंडनला ते कुणीतरी आधीच विचारून ठेवलेलं आहे. चार्जरवर छप्पर आहे, त्यामुळे पाऊस-बर्फात केबल हातात घेऊन भिजावं लागत नाही. लख्ख उजेड असतो. क्रेडिट कार्ड टेकवलं की काम सुरू, खातंबितं काही नाही. दर युनिटमागे किती ते आधीच दिसतं. मशीन 350 किलोवॉटपर्यंत देऊ शकतं. कडाक्याच्या थंडीत आमची बॅटरी तेवढं खेचत नाही, तरी आई बाथरूमला जाऊन, हात-पाय मोकळे करून, कॉफी घेऊन येईपर्यंत गाडी ऐंशी टक्क्यांवर पोचलेली असते. आत पिझ्झा, सँडविच, फळं मिळतात. आई त्यातलं काही घेत नाहीत. त्यांच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, ती त्या आतल्या उबेत बसून निवांत खातात. चोवीस तास उघडी जागा, त्यामुळे रात्री अकरालाही धाकधूक नाही.

आता हे सगळं जुळून कसं आलं, ते सांगायलाच हवं. नोव्हेंबर 2021 मध्ये बायडन यांनी पायाभूत सुविधांच्या कायद्यावर सही केली. त्यात हायवेवरच्या चार्जरसाठी 500 कोटी डॉलर पाच वर्षांत राज्यांना वाटायचे ठरले. सप्टेंबर 2022 पर्यंत पन्नासही राज्यांचे आराखडे मंजूर झाले होते. पैसा सगळ्यांना, अटीही सगळ्यांना त्याच: दर पन्नास मैलांत एक स्टेशन, एक्झिटपासून मैलभराच्या आत, एकाच वेळी चार गाड्यांना प्रत्येकी किमान 150 किलोवॉट, वर्षातला 97 टक्के वेळ मशीन चालू. खर्चाचा ऐंशी टक्के वाटा वॉशिंग्टनचा.

ओहायोच्या वाट्याला साधारण 14 कोटी डॉलर आले. राज्याने स्वतः चार्जर उभारायच्या भानगडीत न पडता निविदा काढल्या आणि जुलै 2023 मध्ये पहिल्या फेरीत 27 जागांसाठी 1 कोटी 80 लाख डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. उरलेला वाटा कंपन्यांचा. डिसेंबर 2023 मध्ये लंडनचं स्टेशन सुरू झालं, या योजनेतलं अख्ख्या देशातलं पहिलं. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते जागा निवडणं. ट्रकवाल्यांसाठी वर्षानुवर्षं रात्रभर जागं असलेलं ठिकाण घेतलं. दिवे, बाथरूम, गल्ल्यावरचा माणूस, हे सगळं तिथे आधीपासून होतं. नवीन आली ती वीज आणि मशीन. आमच्या इंडियानालाही जवळजवळ 10 कोटी डॉलरचा वाटा होता, पण पहिलं बटण दाबलं ओहायोने. इंडियानाची रहिवासी म्हणून मला हे टोचतं.

आणि घाई किती महत्त्वाची होती ते 2025 च्या फेब्रुवारीत कळलं. ट्रम्प यांच्या नव्या सरकारने राज्यांच्या आराखड्यांची मंजुरी काढून घेतली, नवे करार थांबले. ज्यांचे पैसे आधीच करारात बांधले गेले होते, त्यांची कामं चालू राहिली. काही राज्यं सिएटलच्या कोर्टात गेली, जूनमध्ये त्यांना अंतरिम दिलासा मिळाला आणि ऑगस्टमध्ये सरकारने सोपे केलेले नवे नियम आणले. त्यात पन्नास मैलांची सक्तीही सैल झाली. ती सैल व्हायला नको होती, असं माझं ठाम मत आहे. शहरात चार्जर कुणीही लावेल, धंदा आहे. ओसाड पट्ट्यात, जिथे गाडी खरोखर अडकते, तिथे लावायला सरकारी अटच लागते.

उणिवा आहेत. चारच जागा आहेत आणि थँक्सगिव्हिंगच्या आसपास रांग लागू शकते. दर घरच्या विजेच्या तिप्पट-चौपट पडतो, त्यामुळे रोजच्या वापराला ही जागा नाही, लांबच्या प्रवासालाच आहे. शाकाहारी गरम जेवण म्हणावं असं फारसं काही नाही, डबा घेऊनच निघा.

एक विनंती मात्र मनापासून. ऐंशी टक्के झाले की गाडी काढा. त्यापुढे चार्जिंग मंदावतं आणि मागे एखादी गाडी दहा टक्क्यांवर थांबलेली असते. आतून जेवून यायला वेळ लागणार असेल, तर आधी गाडी पार्किंगमध्ये हलवा आणि मग बसा. थंडीत निघताना गाडीच्याच नकाशात हे स्टेशन टाकून निघा, म्हणजे बॅटरी वाटेतच गरम होते आणि आठ-दहा मिनिटं वाचतात. नवरा फोनवरचा नकाशा लावतो आणि ही सोय वाया जाते, म्हणून पत्ता आता मीच टाकते.