लालबागच्या ‘गट पास’च्या नावाखाली झालेली फसवणूक

बेंगळुरूच्या लालबागेतील पुष्पप्रदर्शन पाहण्याचा बेत आखताना आमच्या गटाचे २२,८०० रुपये गेले. प्रजासत्ताक दिनाप्रमाणेच स्वातंत्र्यदिनाच्या सुमारासही तेथे प्रदर्शन भरते आणि सोलापुरातून त्यासाठी जाणारी हौशी मंडळी बरीच असतात, म्हणून हा प्रकार कसा घडला ते सविस्तर लिहीत आहे.

जुळे सोलापुरात आम्ही काही निवृत्त शिक्षिका आणि शेजारची मंडळी मिळून गच्चीवरच्या बागांचा एक गट चालवतो. रोपांची, बियांची देवाणघेवाण आणि वर्षातून एखादी सहल, एवढाच त्याचा व्याप. या वेळी गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापुरातली जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, उरकली की लालबाग पाहायची असे ठरले आणि चोवीस जणांची उद्यान एक्सप्रेसची तिकिटे आम्ही वेळेत काढलीही. राहण्याची सोय एका सभासदाच्या नातेवाइकांनी केली होती. राहिला होता तो फक्त बागेच्या प्रवेशाचा प्रश्न. प्रदर्शनाला, विशेषतः सुट्टीच्या दिवशी, किती गर्दी उसळते हे ऐकून असल्यामुळे वयस्कर मंडळींना रांगेत ताटकळत ठेवू नये, या विचाराने आमच्या खजिनदार काकांनी मोबाईलवर आगाऊ तिकिटांचा शोध घेतला.

शोधात सर्वांत वर जे पान आले त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, म्हणजे ते पैसे देऊन वर आणलेले होते. पत्त्यात बागेचे नाव होते, मात्र शेवट ‘डॉट ऑनलाईन’ असा होता. सरकारी खात्यांच्या अधिकृत संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट सहसा ‘गव्ह डॉट इन’ असा असतो, आणि हे नाव कोणाही खाजगी माणसाला विकत मिळत नाही. पानावरचा मजकूर मात्र वाचण्यासारखा होता. १७६० मध्ये हैदर अलीने बागेचा पाया घातला, टिपू सुलतानाने ती वाढवली, क्षेत्र २४० एकर आहे, काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली आणि ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधले आहे, बागेला स्वतःचे मेट्रो स्थानक आहे. यातले एकही विधान खोटे नव्हते. काकांनी दोन-तीन गोष्टी पडताळून पाहिल्या, त्या जुळल्या, आणि त्यामुळेच पुढची एकमेव खोटी गोष्ट कोणी पडताळली नाही. ती अशी की, वीसपेक्षा जास्त लोकांच्या गटाला ‘गट पास’शिवाय प्रदर्शनात प्रवेश मिळत नाही. या लोकांचे खरे कसब येथे आहे असे मला वाटते. खोटे फार नसते, दहा खऱ्या गोष्टींच्या मध्ये एकच बसवलेले असते.

पानावरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा एक मनुष्य अत्यंत अदबीने हिंदीत बोलला. माणशी २०० रुपये, एकूण ४,८०० रुपये, पास व्हॉट्सॲपवर येईल, असे त्याने सांगितले. आमच्यातल्या एका काकूंचे माहेर अक्कलकोटचे, घरात कन्नड बोलले जाते. त्यांनी फोन हातात घेऊन कन्नडमध्ये चौकशी सुरू करताच तो गडबडला आणि “मॅडम, हिंदी में बोलिए, कॉल रेकॉर्ड होता है” असे म्हणाला. कर्नाटक सरकारच्या कार्यालयातल्या माणसाला कन्नड कळू नये हे विचित्रच आहे, असे काकू तेव्हाच बोलल्या. “अहो, बेंगळुरूत काय, सगळीकडचे लोक नोकरीला असतात की,” असे कोणीतरी म्हणाले आणि विषय मागे पडला.

आलेला पास माझ्याकडे अजून आहे. वर काचघराचे छायाचित्र, बाजूला कर्नाटकच्या गंडभेरुंडाचे बोधचिन्ह, खाली गटाचे नाव आणि एक क्यूआर कोड. बोधचिन्ह आडवे ताणले गेल्यामुळे पक्ष्याच्या दोन्ही माना चपट्या दिसतात. शिक्का वन खात्याचा आहे. लालबाग मात्र फलोद्यान खात्याच्या अखत्यारीत येते आणि प्रदर्शन ते खाते म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटीबरोबर भरवते. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याच पासाचे चित्र पुन्हा उघडते, पडताळणी अशी काहीच होत नाही. पैसे पाठवताना पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचे नाव येते. तेथे कोणत्याही खात्याचे नाव नव्हते, एका ‘ट्रेडर्स’चे होते.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोन आला. गर्दीमुळे या वर्षी गटांकडून माणशी ७५० रुपये अनामत घेतली जात आहे, बागेतून बाहेर पडताच ती परत मिळेल, आणि संध्याकाळपर्यंत न भरल्यास पास आपोआप रद्द होईल, असे त्याने सांगितले. रेल्वेची तिकिटे हाती होती, मंडळींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोण किती आणणार हेसुद्धा वाटून घेतले होते; अशा वेळी दारातून परत फिरावे लागेल ही भीती फार मोठी ठरते. १८,००० रुपये गेले. तासाभराने तिसरा फोन आला: अनामत चुकून जादा घेतली गेली आहे, परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका. येथे मात्र काकांच्या सुनेने मोबाईल त्यांच्या हातातून घेतला. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, समोरचा काहीही सांगो. पडद्यावर आकडा २२,८०० चाच होता, म्हणजे तेवढीच रक्कम आणखी एकदा काढून घेण्याचा त्यांचा डाव होता.

तिने लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर फोन लावला. तेथे बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो, तो आधीच कागदावर उतरवून ठेवावा. तक्रार नोंदल्यावर पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवता येते. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर पळवतात, म्हणून पहिला तासच काय तो उपयोगाचा. आमच्या १८,००० पैकी काही भाग गोठवला गेला, आदल्या दिवशीचे ४,८०० मात्र केव्हाच निघून गेले होते. गोठवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. तिची प्रक्रिया अद्याप चालू आहे.

बँकेत अर्ज दिला तेव्हा आमच्यातल्या एकांनी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेतला. त्यानुसार त्रयस्थाने परस्पर केलेला व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर बोजा पडत नाही. परंतु ते संरक्षण ग्राहकाने मंजुरी न दिलेल्या व्यवहारांसाठी आहे. येथे पिन खातेदाराने स्वतः टाकलेला असल्याने बँकेने हात वर केले, आणि नियम पाहता ते अनपेक्षितही नव्हते.

एका सभासदाचा भाचा बेंगळुरूत असतो. त्याने प्रवेशद्वारावरच्या खिडकीत जाऊन चौकशी केली, तेव्हा ‘गट पास’ नावाचा प्रकारच नसल्याचे समजले. तिकीट खिडकीवर मिळते. ऑनलाईन सोय केली तर तिची घोषणा खातेच करते आणि अनामत कोणी मागत नाही. आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो, सकाळी लवकर पोहोचल्यामुळे रांगही फार नव्हती. ज्यांना प्रदर्शनापेक्षा झाडे पाहायची असतील त्यांनी तर प्रदर्शनाचे दिवस टाळूनच जावे, असे माझे मत झाले. तो प्रचंड जुना सावरीचा वृक्ष गर्दीत नीट पाहताच येत नाही.

तो मोबाईल क्रमांक आम्ही दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ या, संशयास्पद फोन कळवण्याच्या सुविधेत कळवला आहे. जुने पान आता उघडत नाही. मात्र काचघराचे तेच छायाचित्र आणि तोच मजकूर असलेले, नाव बदललेले एक पान गेल्या आठवड्यात पुन्हा शोधात सर्वांत वर दिसले आणि त्यावर ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी ‘गट पास’ माणशी २५० रुपयांना दिला जात आहे.