मेंबरशिपचे आठ महिने, २३ बिलं आणि ती पाण्याची बाटली

हॉटेलातल्या जेवणावर सूट देणाऱ्या एका ॲपच्या मेंबरशिपची ही गोष्ट. पहिले बिल सांगतो, बाकीचं मग.

जेवण १२४०. त्यावर मेंबरशिपची २५ टक्के सूट, ३१० गेले, राहिले ९३०. पाण्याच्या दोन बाटल्या १००. सर्व्हिस चार्ज १३४. जीएसटी ५८ रुपये २० पैसे. वरून ॲपमधून पैसे भरले म्हणून ॲपची फी १२. टोटल १२३४. म्हणजे १२४० चं जेवण २५ टक्के सूट घेऊन मला १२३४ ला पडलं आणि ॲप स्क्रीनवर रंगीत कागद उडवून म्हणून राहिलं की अभिनंदन, तुम्ही ३१० रुपये वाचवले. सहा रुपये भाऊ. सहा.

ॲपचं नाव घेत नाही, सगळ्यांचं उन्नीस-बीस सारखंच आहे. वर्षाची मेंबरशिप ८९९ ला घेतली होती, ऑफिसमधल्या एकानं डोकं खाल्लं म्हणून. काय काय मिळते ते तुम्हाला माहीतच असेल, कुठे फ्लॅट सूट, कुठे एकावर एक, बिल ॲपमधूनच भरायचं. ते परत सांगत बसत नाही. मी काय केलं तर एका जुन्या डायरीत प्रत्येक बिल उतरवत गेलो. आठ महिन्यांत २३ बिलं. आता रिन्यूअलचे मेसेज सुरू झाले, चार महिने बाकी असताना, म्हणून म्हटलं लिहून टाकू.

तर पाणी.

मला माहीत आहे हा लहान मुद्दा आहे. ही पण म्हणते की पन्नास रुपयांसाठी तुम्ही हॉटेलात डोळे वटारता. पण ऐका. खुर्ची ओढून बसत नाही तर वेटर येतो, "सर, मिनरल या रेग्युलर?" आणि हे विचारताना त्याच्या हातात बाटली ऑलरेडी असते, अंगठा झाकणावर. तुम्ही "अं..." म्हणेपर्यंत टक्. सील तुटलं. आता काय बोलणार? आणि 'रेग्युलर' हा शब्द तो असा म्हणतो की बाजूच्या टेबलावरच्यांनी वळून पाहावं. आमची पोरगी नऊ वर्षांची आहे, ती पटकन "मिनरल" म्हणते कारण शाळेच्या सहलीत बाईंनी सांगितलं होतं.

ॲपची सूट बाटलीवर लागत नाही. अटींमध्ये कुठेतरी खाली लिहिलं आहे, पॅकबंद वस्तू सोडून. म्हणजे अख्ख्या बिलात ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त मार्जिन, त्याच गोष्टीला सूट नाही. २३ बिलांत १९ बाटल्या, ७९० रुपये. मेंबरशिप ८९९ ची आणि पाणी ७९० चं!

आणि हे नागपुरात. जिथे मे महिन्यात ४५ डिग्रीला चौकाचौकात पाणपोई लागते, रांजणाला ओलं लाल कापड गुंडाळलेलं, कोणी अनोळखी माणूस वगराळ्यानं ओंजळीत पाणी ओतून देतो आणि नावही विचारत नाही. कोणाच्याही घरी गेलं तर चपला काढायच्या आत पाण्याचा गिलास पुढे येते. पेंचचं पाणी आहे, घरी आपण तेच पितो, त्याच पाण्यात तुमची दाल शिजून राहिली, मग प्यायलाच काहून चालत नाही?

आता एक कबुली. वर्धा रोडवरच्या एका ठिकाणी मी यावरून भांडलो होतो. बाटलीवर छापील किंमत २०, बिलात ५०. मी मॅनेजरला म्हटलं एमआरपीच्या वर घेणं गुन्हा आहे, तक्रार करीन, वजनमाप खात्यात करीन. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "कर सकते हैं सर." मला वाटलं माजला आहे. घरी येऊन तावातावानं शोधलं तर सुप्रीम कोर्टाचा १२ डिसेंबर २०१७ चा निकाल समोर आला. हॉटेल-रेस्टॉरंटला बाटली एमआरपीच्या वर विकता येते, कारण तिथे नुसती विक्री नसते, सोबत बसायची जागा, पंखा-एसी, वाढणं ही सेवा असते, आणि कोणी फक्त पाण्याची बाटली विकत घ्यायला हॉटेलात जात नाही. हो ना! मी पण तेच म्हणून राहिलो होतो की मी बाटली घ्यायला आलोच नाही! पण कायद्यानं तो बरोबर होता आणि मी चूक. त्या हॉटेलला मी रागात एक स्टार दिला होता, तो काढून तीन केला. पाणी सोडलं तर त्यांचं पनीर चांगलं होतं.

तर बाटलीचा इलाज कायद्यात नाही, तोंडात आहे. हे बाबांनी शिकवलं. बाबा उमरेडहून आले होते, त्यांना घेऊन गेलो. वेटर बाटली घेऊन दोन टेबलं लांब होता तेव्हाच बाबा मोठ्यानं, "बेटा, जग आण साध्या पाण्याचा, थंड असंल तर बरं." झालं. बाटली जशी आली तशी परत. जग आला. चार जण, दीड जग प्यायलो, शून्य रुपये. मी आठ महिने ज्यावर डायरी भरून राहिलो ते बाबांनी एका वाक्यात संपवलं.

बाबांचं एक मात्र जुनं आहे, ते एसी हॉलमध्ये बसायला तयार नव्हते, "तिथं टॅक्स जास्त लागते." मी त्यांना सांगितलं बाबा, ते १५ नोव्हेंबर २०१७ पासून बंद झालं, आधी एसीला १८ आणि नॉन-एसीला १२ होता, आता दोन्हीकडे ५ टक्के. ते म्हणाले, "मंग मेन्यूत भाव वाढवले असतील." त्यावर मी काही बोललो नाही कारण काही ठिकाणी खरंच एसी हॉलचं मेन्यूकार्ड वेगळं असते. (मोठ्या हॉटेलांमध्ये, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजाराच्या वर जाते, तिथल्या रेस्टॉरंटला अजूनही १८ टक्के आहे. आपलं तिथं जाणं फक्त लग्नाच्या आमंत्रणानं, तेव्हा बिल पोरीचा बाप भरतो.)

आता सर्व्हिस चार्ज. वरच्या बिलातले १३४ आठवा. ते मला त्या दिवशी दिसलेच नाहीत, घरी डायरीत उतरवताना दिसले. आणि गंमत पाहा, सूट लागून जेवण ९३० झालं, पण सर्व्हिस चार्जचे १० टक्के लावले सूट लागायच्या आधीच्या १३४० वर (जेवण १२४०, बाटल्या १००), आणि मग त्या सर्व्हिस चार्जवर जीएसटी. इथे मात्र मी चूक नव्हतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलं आहे की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानं घेता येत नाही, आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी घेता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, तर दिल्ली हायकोर्टानं २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाचंच बरोबर ठरवलं, वरून दोन्ही संघटनांना एकेक लाख भरायला लावले. द्यायचं तर आपल्या मर्जीनं. पुढच्या वेळी त्याच ठिकाणी गेलो, पैसे भरायच्या आधी म्हटलं हा काढा. "सर, सॉफ्टवेअर में ऑटोमॅटिक आता है." मी म्हटलं भैया, सॉफ्टवेअर तुमचं आहे, पैसे माझे आहेत, आणि फोनवर १९१५ टाईप करून स्क्रीन त्याच्याकडे फिरवली, लावला नाही फक्त दाखवला. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे तो. दोन मिनिटांत नवीन बिल. वेटर पोरानं चांगलं वाढलं होतं, त्याच्या हातात ५० वेगळे दिले. ही म्हणाली वाचवलेल्यातले ५० परत दिले ना. दिले. ते त्याच्या खिशात गेले हे मला दिसलं, एवढंच.

आता हिचा मुद्दा, कारण हे वाचून ती म्हणाली की तुम्ही अर्धवट लिहून राहिले. तिचं म्हणणं असं की तुमचं 'सहा रुपये' हे नाटक आहे. सूट नसती तर १२४० अधिक बाटल्या १००, त्यावर सर्व्हिस चार्ज १३४, झाले १४७४, त्यावर जीएसटी, म्हणजे १५४८ भरावे लागले असते. तुम्ही भरले १२३४. वाचले ३१४. मी दोनदा जोडून पाहिलं. बरोबर आहे. ॲप खोटं बोलत नव्हतं. इथपर्यंत मी या मेंबरशिपला दोनच मार्क देणार होतो, आता तीन.

पण मग मी डायरीचं शेवटचं पान काढलं आणि ती गप्प झाली. मेंबरशिप घ्यायच्या आधी आम्ही महिन्यातून दोनदा बाहेर जेवायचो, सरासरी ९०० चं बिल. आठ महिन्यांचे झाले असते १४,४००. मेंबरशिप घेतल्यावर २३ वेळा गेलो, सूट जाऊन, खिशातून गेले ३१,९७०. ॲप दाखवते 'एकूण बचत ६,८४०'. माझी डायरी दाखवते साडेसतरा हजार जास्त. काहून? कारण एकावर एक म्हटलं की स्टार्टर दोन येतात, आणि १००० च्या वर गेलं तरच सूट म्हटलं की ९४० वर पोचल्यावर आपणच म्हणतो, चल एक ब्राउनी सांग. ती ब्राउनी १८० ची होती आणि कोणालाच नको होती. पार्सल घेतली, फ्रीजमध्ये तीन दिवस पडली, शेवटी मीच खाल्ली, उभ्यानं.

ॲपच्या सर्व्हिसचा एकच किस्सा. लग्नाचा वाढदिवस, रामदासपेठ, बिल आलं, सूट लागेना. 'आज या रेस्टॉरंटमध्ये ऑफर लागू नाही'. चॅटवर गेलो तर आधी बॉट, तीनदा विचारते तुम्हाला मदत झाली का, मग माणूस, तो म्हणाला काही विशेष दिवस पार्टनरनं वगळलेले असतात. वेटर बिलाची फाईल घेऊन उभा, मागे लोक टेबलासाठी थांबलेले. पंचवीस मिनिटं भांडून १५० चं कुपन मिळालं, सात दिवसांत वापरायचं, किमान बिल १००० चं. म्हणजे भांडण जिंकून अजून एक हजार खर्च करायचे. नाही वापरलं. (खोटं. सहाव्या दिवशी वापरलं.)

चांगलं पण सांगतो, नाही तर म्हणाल हा फक्त रडते. आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. थाळीवर एकावर एक असते, गर्दी नाही, थाळीत भर टाकायला काही उरत नाही त्यामुळे ब्राउनीचा मोह नाही, आणि थाळीवाले बहुतेक जग स्वतःहून ठेवतात. ऑफिसमधून दोघं जण धरमपेठेत असे चार वेळा गेलो, तिथे ही मेंबरशिप खरंच वसूल झाली. रविवारी रात्री वेळ आणि पैसा दोन्ही जाते.

आणि जे सगळ्यात स्वस्त पडलं ते ॲपवर नाहीच. बाबांना परत जायच्या आदल्या दिवशी सावजी खायचं होतं, इतवारीकडे एका जुन्या भोजनालयात गेलो. दोन मटण, एक पाटोडी रस्सा, भाकऱ्या, भात. पोरीनं तर्रीत बोट बुडवून चाटलं आणि कान लाल करून बसली. चौघांचं ८६० झालं. टॅक्सची ओळच नाही बिलात, काउंटरमागे कॉम्पोझिशनवाला (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) बोर्ड लागला होता. हे पण पाहत जा, कॉम्पोझिशनमध्ये असलेला दुकानदार गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊ शकत नाही. एका ठिकाणी मला हातानं लिहिलेल्या कच्च्या बिलावर ५ टक्के लावून दिले होते, जीएसटी नंबर कुठेच नाही. मी म्हटलं नंबर टाकून द्या, आकडे-अक्षरं मिळून पंधरा असतात, आपल्या महाराष्ट्राचा २७ नं सुरू होते. ५ टक्के गुपचूप खोडले त्यानं.

तर त्या सावजीत. स्टीलचा जग, पिचकलेला, बाहेरून थेंब थेंब घाम सुटलेला, आम्ही बसायच्या आधीच टेबलावर. जिथे पाण्यावाचून माणूस मरेल तिथे पाणी फुकट. संपला तर पोऱ्या न सांगता भरून गेला, दोनदा. बाबा हात धुवून आले आणि म्हणाले, "इथं का नाही येत तुम्ही?" मी म्हटलं बाबा, इथं मेंबरशिप चालत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पटकन पैसे द्यायला उठलो.

मी रिन्यू करणार नाही असं जाहीर केलं, ऑटो-पे बंद केलं, यूपीआयमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) पण काढून टाकला, तुम्हीही पाहून घ्या, ॲप डिलीट केल्यानं तो जात नाही. घरात शांतता. मग काल कळलं की हिनं स्वतःच्या नंबरावरून नवीन युजर म्हणून तीच मेंबरशिप २९९ ला घेतली आहे. रविवारी जाऊन राहिलो. पाण्याच्या दोन बाटल्या घरून भरून गाडीत ठेवल्या आहेत, आणि 'जग आण' म्हणायचं काम पोरीला दिलं आहे, तिची प्रॅक्टिस सुरू आहे.