अमेरिकेत गाडी चालवताना फोनवर मैल की किलोमीटर?

भारतातून नव्याने आलेल्या माणसाने गाडी भाड्याने घेतली की हा प्रश्न येतोच. सवय किलोमीटरची. 1956 चा मेट्रिक मापांचा कायदा झाला, हळूहळू मैल गेले आणि आपल्यापैकी बहुतेकांनी कधी मैलात हिशोब केलेलाच नाही. तरी माझं मत पक्कं आहे. रस्त्यावरचे बोर्ड ज्या मापात, फोन आणि गाडीही त्याच मापात ठेवा.

हायवेवरचा हिरवा बोर्ड सांगतो, एक्झिट अर्ध्या मैलावर. फोन म्हणतो 800 मीटर. अंतर एकच, पण ताशी 65 मैलांनी जाताना ते अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. त्यातली पाच-सात सेकंदं आकडेमोडीत गेली की लेन बदलायची घाई होते. शिवाय बहुतेक राज्यांत एक्झिटचे नंबर मैलांवरून दिलेले असतात. 40 मागे पडला, 62 ला उतरायचंय, म्हणजे साधारण 22 मैल राहिले. (ॲरिझोनात टूसॉन ते नोगालेस हा आय-19 रस्ता अपवाद. तिथे अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलात!)

पार्किंगच्या दारावरची उंची फूट-इंचांत असते. आपण स्वतःची उंचीही तशीच सांगतो, तिथे काही अडत नाही.

नायगाराचा पूल ओलांडून कॅनडात शिरलात की मात्र लगेच किलोमीटर करा. तिथल्या वेगमर्यादा 1977 पासून किलोमीटरमध्ये आहेत. आमच्या अमेरिकी गाडीच्या मीटरवर मैलांचे आकडे मोठे आणि किलोमीटरचे आतल्या बाजूला बारीक. गावात 50 चा बोर्ड दिसला आणि मी काटा मोठ्या 50 वर नेला, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. "अरे, बाकीचे सगळे मागे का पडतायत?" असं आईने विचारलं तेव्हा कळलं. फुटपाथवर शाळेची मुलं होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

सामानाचं मात्र किलोतच मोजा, फक्त थोडं हातचं राखून. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांना साधारणपणे एका बॅगेला 50 पौंडांची मर्यादा असते, म्हणजे सुमारे 22.7 किलो. घरच्या काट्यावर नेमकी 23 भरलेली बॅग तिथे 50.7 दाखवते. काउंटरवरचा माणूस कडक असला तर तिथेच बॅग उघडावी लागते. परतताना आईच्या बॅगेतून बदामाची पाकिटं मी जमिनीवर बसून काढली, मागे रांग खोळंबलेली. तेव्हापासून आमच्या घरी 22.5 झाले की चेन लावतात.