सिंगल-स्पीड की फिक्स्ड? चढ सोडा, उतार बघा

एकाच गिअरची सायकल घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच: फ्रीव्हीलवाली सिंगल-स्पीड घ्यावी, जिच्यावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, की फिक्स्ड, जिच्यावर चाकाबरोबर पायडलही फिरतच राहतं? आणि बहुतेक जण आधी चढाचं विचारतात. चढावर दोघी बहिणी-बहिणीच. चेनच्या पुढच्या चकतीला ४६ दात, मागच्या चकतीला १६ असतील तर पायडलच्या एका फेरीत दोन्ही सायकली साधारण सहा मीटर जातात आणि घामही तेवढाच काढतात. फिक्स्डवर पाय अडतो तिथे चाकच त्याला पुढे रेटतं, असं तिचे भक्त सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यावर सायकल निवडू नये.

फरक कळतो तो उतारावर. फ्रीव्हील असेल तर पाय थांबवायचे, मागून टिकटिक ऐकायची आणि सायकलला पळू द्यायचं. फिक्स्डवर चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वरच्याच गिअरवर सपाटीला मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी २९ किलोमीटरचा वेग मिळतो, हे सुखाचं आहे. उतारावर ताशी ४५ झाले की पाय मिनिटाला सव्वाशे फेऱ्या घेऊ लागतात आणि बूड सीटवर उडायला लागतं. तुमच्या रोजच्या वाटेवर लांब उतार असेल तर निर्णय जवळपास इथेच झाला.

पाय थांबवता येत नाहीत म्हणजे काय, ते मला बुटाच्या नाडीने शिकवलं. उजवी नाडी सुटली आणि पायडलच्या दांड्यात अडकली. फ्रीव्हीलवर पाय थांबवून सोडवली असती. इथे प्रत्येक फेरीला ती आणखी एक वेढा घेत होती आणि बूट पायडलकडे ओढला जात होता. पुढचा ब्रेक दाबून कसाबसा डाव्या पायावर टेकलो. तेव्हापासून नाडीची टोकं बुटाच्या आत आणि उजवी पँट दुमडलेली. वळणावरही तेच: सायकल कलली तरी आतलं पायडल खाली येणारच, आणि ते रस्त्याला घासू शकतं. म्हणून फिक्स्डवर १६५ मिलिमीटरचा आखूड क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, बरा.

ब्रेकबद्दल मी हट्टी आहे. सिंगल-स्पीडला दोन ब्रेक हवेतच. फिक्स्डवर पाय उलटे रोखून वेग कमी करता येतो, पण तो जोर फक्त मागच्या चाकावर पडतो, आणि थांबताना वजन पुढे सरकतं, तेव्हा नेमकं मागचं चाक हलकं झालेलं असतं. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, बिनब्रेकच्या सायकली चालतात, कारण तिथे समोरून कोणी आडवं येत नाही. रस्त्यावर निदान पुढचा ब्रेक लावाच. स्किड मारायची, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसरवायची, हौस असेल तर दात मोजून घ्या: पुढे-मागे ४८-१६ दातांवर एकाच पायाने स्किड मारलं तर टायर दरवेळी एकाच जागी झिजतो, ४७-१६ वर तीच झीज १६ जागी वाटली जाते.

देखभाल दोन्हींची कमीच. फक्त फिक्स्डची चेन सैल ठेवू नका. ती उतरली तर चाक जागच्या जागी अडकू शकतं. मागच्या दातांच्या चकतीवर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे चकती जागी धरणारी कडी, घट्ट हवी, नाहीतर पाय उलटे रोखताना चकतीच सुटायची. आणि चाक फिरवत फडक्याने चेन पुसायची नाही! फिरतं चाक चेनला ओढत राहतं, तिच्याबरोबर फडकं जातं आणि फडक्यामागून बोट.

सतत थांबत-निघत गर्दीतून जायचं असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर सिंगल-स्पीड घ्या. ट्रॅकवर उतरायचं असेल, किंवा सपाट, मोकळ्या रस्त्यावर पायांना एकसारखी लय लावायची असेल तर फिक्स्ड.

ठरतच नसेल तर फ्लिप-फ्लॉप हबचं, म्हणजे काढून उलटं बसवता येणारं, मागचं चाक बघा: एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. टूर द फ्रान्समध्ये १९३७ साली डिरेलरला, म्हणजे चालता चालता गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळेपर्यंत शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरून चाक असंच पलटायचे, चढ सोपा करणाऱ्या मोठ्या चकतीसाठी. दोन्ही बाजूंत एखाद्या दाताचाच फरक ठेवला की तीच चेन चालते. नट बहुधा १५ च्या पान्याने उघडतात. माझं चाक एरवी फ्रीव्हीलच्या बाजूनेच असतं. रविवारी पहाटे रस्ता रिकामा मिळाला तर पलटतो.